दुखणे अंगावर काढू नका : ग्रामीण स्त्रिया आणि स्तनाचा कर्करोग

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासमोर सकाळी गेले असता पदपथावर बसलेली कुटुंबे दिसतात. हातात कागदपत्रांची फाइल, शेजारी कपड्यांची पिशवी. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, कोणी थेट बिहार-बंगालमधून आलेले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय आज साऱ्या देशाचा आधार आहे. मात्र येथे पोहोचणाऱ्या अनेक स्त्रियांचा आजार त्यांच्याही आधी पुष्कळ पुढे गेलेला असतो. हे का घडते आणि टाळता कसे येईल, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग हा आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. रोग लवकर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता बरीच जास्त असते. तरीही आपल्या माताभगिनी उशिरा येतात, कारण सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही त्यासाठी एका दिवसाची मजुरी कोण बुडवील? त्यात संकोच असतो, पुरुष डॉक्टरसमोर जाण्याची लाज असते आणि "कर्करोग म्हणजे मरण" ही भीतीही असते. सुगी होऊ दे, मुलीचे लग्न उरकू दे, असे म्हणत ती दुखणे अंगावर काढते.

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर मुंबईतच शोधले गेले. डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. गौरवी मिश्रा आणि टाटा स्मारकमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, स्त्रियांची हाताने स्तनतपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या आणि या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. संशय आला की त्या स्त्रीला पुढील तपासणीसाठी परळला पाठवीत.

२०२१ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या वस्त्यांतील रुग्णांपैकी ४७ टक्के स्त्रियांचा रोग तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यात सापडला. तपासणी झालेल्या वस्त्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणूनच तरुण स्त्रीने स्वतःच्या शरीरातील बदलांकडे विशेष लक्ष द्यावे.

ग्रामीण भागाचा विचार करताना बार्शीचे नाव घ्यावेच लागते. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथे १९८७ मध्ये सुरू झाली. खेड्यातील रुग्ण दवाखान्याच्या दप्तरात सापडत नाही, म्हणून कार्यकर्त्यांना गावोगाव जावे लागले. लोकांशी बोलावे लागले. रुग्णाने आपल्याकडे यावे अशी वाट पाहून खेड्यात भागत नाही, हा बार्शीचा धडा आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे? स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, स्तनाच्या आकारात बदल होणे, कातडी आत ओढली जाणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, यांपैकी काहीही आढळल्यास थांबू नये. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक गाठी साध्याच असतात, परंतु ते तपासणीनेच ठरते. शासकीय कार्यक्रमानुसार तिशीनंतरच्या स्त्रियांची स्तनतपासणी आरोग्य केंद्रात दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद आहे. आशाताईंना विचारावे. उपचाराच्या खर्चाचे दडपण असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करावी. लेप, झाडपाला, अंगारे यांत महिने घालवू नयेत. हा रोग स्पर्शाने पसरत नाही आणि तो कोणाच्या पापाचे फळही नाही.

आमच्या माजी विद्यार्थिनींना एक विशेष विनंती आहे. मुंबईच्या वस्त्यांत ज्यांनी हे काम केले त्या तुमच्याएवढ्याच, किंबहुना तुमच्याहून कमी शिकलेल्या होत्या. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आईला, मावशीला, शेजारच्या काकूंना एकांतात बसवून विचारा, "कुठे गाठ तर लागत नाही ना?" लागत असेल तर त्यांना एकटे पाठवू नका, सोबत जा. आणि माजी विद्यार्थ्यांनो, घरातील स्त्री एक दिवस दवाखान्यात जाणार असेल, तर त्या दिवशीची चूल तुम्ही पेटवा. ती वेळेवर पोहोचली, तर परळच्या पदपथावर महिनोन्‌महिने काढण्याची वेळ तिच्यावर कदाचित येणारही नाही.