खाद्यासाठी पाळलेले रातकिडे : ओल, गर्दी आणि रोग

घरी पाळलेले रातकिडे एकाएकी मरू लागले की त्याचे खापर बहुधा रोगावर फोडले जाते. परंतु सरडे, बेडूक किंवा ॲरोवाना मासे यांच्या खाद्यासाठी हे किडे वाढवणाऱ्यांचा अनुभव असा आहे की, अनेकदा त्यांना काळजीपोटी शिंपडलेले पाणीच भोवते. रातकिड्याची विष्ठा कोरडी असेपर्यंत भुकटीसारखी राहते व सहज झाडून टाकता येते. ओल लागली की मात्र तिच्यातील यूरिक आम्लाचे जिवाणूंकडून विघटन होऊन अमोनिया हा डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो आणि बंद डब्यात तो साचून राहिल्याने किडे दगावतात. त्यामुळे पाण्याची उघडी वाटी, जिच्यात पिल्ले बुडतातही, न ठेवता गाजराच्या किंवा काकडीच्या चकतीतून ओलावा द्यावा, ती रोज बदलावी, आणि झाकणाला धातूची बारीक जाळी बसवावी, कारण नायलॉनची जाळी हे किडे कुरतडतात. पावसाळ्यात गव्हाच्या कोंड्याला लवकर बुरशी धरत असल्याने तोही थोडा थोडाच घालावा.

ओलीइतकीच गर्दीही घातक ठरते. प्रौढ होईपर्यंत रातकिडा आठ-दहा वेळा कात टाकतो आणि नुकतीच कात टाकलेला किडा पांढुरका, मऊ व असहाय असल्याने दाटीत, विशेषतः आहारात प्रथिने कमी असताना, इतर किडे त्याला खातात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावल्यास लपायला जागा वाढते व विष्ठा तळाशी पडते. दमट वाळूचे लहान भांडे मात्र हवेच, कारण मादी शेपटीकडील सुईसारखी अंडनलिका त्यातच खुपसून अंडी घालते. हे भांडे वेगळ्या डब्यात काढून सुमारे 30 अंश सेल्सिअसला ठेवल्यास साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. डासांची कॉइल किंवा कीटकनाशकाचा फवारा त्या खोलीत अजिबात वापरू नये.

खरा रोगही असतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. घरगुती रातकिडा, म्हणजे अकेटा डोमेस्टिकस या जातीला होणारा डेन्सोव्हायरस युरोपात 1970 च्या दशकातच आढळला होता. 2009-10 च्या सुमारास तो उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक पैदाशीत पसरला, तेव्हा मोठमोठे साठे नष्ट झाले आणि अनेक उत्पादकांना दुसऱ्या जातींकडे वळावे लागले. बाधित किड्यांची वाढ खुंटते, ते उताणे पडून पाय हलवत राहतात व मरतात. त्यावर औषध नाही. म्हणून नवे किडे काही आठवडे वेगळे ठेवावेत, त्यांचे ट्रे जुन्या डब्यात वापरू नयेत, आणि एकच मोठा डबा भरण्यापेक्षा किड्यांचा साठा दोन-तीन ठिकाणी विभागावा.

मृत्यू दिसू लागताच आधी वास, ओल व गर्दी तपासावी, तळ स्वच्छ करून डबा कोरडा व हवेशीर करावा. त्यानंतरही मरणे थांबले नाही, तरच रोगाचा संशय धरून तो साठा पूर्णपणे काढून टाकावा, पुठ्ठे नष्ट करावेत व नवी सुरुवात दुसऱ्या डब्यात करावी. अशा डब्यातील मरगळलेले किडे, वाया जाऊ नयेत म्हणून, पाळीव प्राण्याला घालण्याचा मोह मात्र टाळावा. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या पोटात निरोगी व पोटभर खाल्लेला किडाच जायला हवा.