फवारा पंपाची बॅटरी निवडताना



ऊस लागणीनंतर ३ ते ५ दिवसांत, जमिनीत वाफसा असताना, उगवणपूर्व तणनाशक मारावे, हे आमचा शेतकी विभाग आपल्याला दर हंगामात सांगत असतो. आपण तयारीही चोख करता. औषध आणता, पाणी मोजता, माहितगार गडी लावता. आणि सातव्या-आठव्या टाकीला पंपाचा फवारा ढिला पडतो. बॅटरी पुन्हा भरायची तर सहा-आठ तास हवेत. गडी रोजगार घेऊन घरी जातो, दुसऱ्या दिवशी वारा सुटतो नाहीतर पाऊस येतो, आणि राहिलेल्या सऱ्यांत तण माजते. पुढे खुरपणीचा खर्च बसतो तो वेगळाच.

बॅटरी एकदम बंद पडली तर निदान कळते तरी. खरे नुकसान होते ते ती हळूहळू उतरते तेव्हा. दाब कमी होतो, नोझलमधून पाणी कमी पडते, पण गडी त्याच चालीने चालत राहतो. म्हणजे पहिल्या सऱ्यांना पुरते औषध आणि शेवटच्या सऱ्यांना अर्धे. मग आपण म्हणतो, औषधच खोटे निघाले! म्हणून बॅटरी कशी निवडावी याचा हिशेब या लेखात मांडला आहे.

१) लेबलावरचा आकडा कसा वाचावा

पंपात येणारी जड बॅटरी शिशाची असते. हिला लेड-ॲसिड म्हणतात. तिच्यावर बहुधा ‘१२ व्होल्ट ८ एएच / २० एचआर’ असे छापलेले असते. एएच म्हणजे अँपिअर-तास. विहिरीत पाणी किती आहे, तसा हा बॅटरीतल्या साठ्याचा आकडा समजा. पण पुढचे ‘२० एचआर’ कोणी वाचत नाही. त्याचा अर्थ असा की, ही बॅटरी २० तास सावकाश, म्हणजे ०.४ अँपिअरने वापरली तरच पुरे ८ एएच देईल. आपला पंप त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. असा जोरात उपसा केला की शिशाची बॅटरी पुरा साठा देत नाही. हिशेबाला पाऊण हिस्सा, म्हणजे ६ एएच धरावेत.

२) आपली गरज किती

उदाहरण घेऊ. एकरी २०० लिटर पाणी आणि टाकी १६ लिटरची, म्हणजे साडेबारा टाक्या. समजा नोझलमधून मिनिटाला २ लिटर पाणी पडते. म्हणजे पंप १०० मिनिटे चालला पाहिजे. पंप अडीच अँपिअर ओढत असेल तर एका एकराला सुमारे ४.२ एएच लागतात. लेबलावरचे ८ पाहून माणूस म्हणतो, दोन एकर आरामात होईल. प्रत्यक्षात हाती ६ एएच, म्हणजे जेमतेम १८ टाक्या, दीड एकरालाही थोडे कमीच. बॅटरी दोन हंगाम जुनी होऊन निम्म्यावर आली असेल तर नवव्या टाकीलाच हात टेकते.

आपल्या पंपाचा आकडा वेगळा असेल. तो काढायला सोपी चाचणी आहे. बॅटरी पूर्ण भरा, टाकीत साधे पाणी घ्या आणि नेहमीच्या नोझलने बांधावर फवारा. किती टाक्यांनंतर फवारा ढिला पडतो ते मोजा आणि तिथेच थांबा. बॅटरी पार मरेपर्यंत पंप चालवू नका. मग लगेच चार्जिंगला लावा. हा टाक्यांचा आकडा पंपावर रंगाने लिहून ठेवा. नवी बॅटरी घेताना दुकानदाराला एएच सांगण्याआधी, दिवसात किती टाक्या मारायच्या आहेत ते सांगा.

३) शिसे की लिथियम?

शिशाची बॅटरी ही जुनी विद्या आहे. फ्रान्सच्या गॅस्तों प्लान्ते यांनी ती १८५९ साली तयार केली. स्वस्त आहे आणि कुठेही मिळते. पण ती जड असते आणि रिकामी ठेवलेली तिला खपत नाही. रिकाम्या बॅटरीच्या पाट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग ती चार्जच धरत नाही. आपल्याकडे फवारणी वर्षातून वीस-पंचवीस दिवस. उरलेले महिने पंप गोठ्यात टांगलेला! म्हणजे बहुतेक बॅटऱ्या रानात मरत नाहीत, गोठ्यात मरतात. फवारणी संपल्या दिवशीच ती भरावी आणि पुढे महिन्यातून एकदा चार्जिंगला लावावी.

लिथियम बॅटरी बाजारात आली १९९१ साली, आणि तिच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती वजनाला हलकी आहे. जोरात उपसा केला तरी साठा जवळजवळ पुरा देते. महिनोन् महिने पडून राहिली तरी फारशी उतरत नाही. फवाऱ्याचा दाब बराच वेळ सारखा राहतो आणि शेवटी ती एकदम बंद पडते. पण हिच्यात दोन जाती आहेत, हे ध्यानात ठेवा.

पहिली साधी लिथियम-आयन. पंपासाठी तिचे तीन सेल ओळीने जोडतात, पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट दाखवते. दुसरी लिथियम फॉस्फेट, दुकानात तिला ‘फेरो’ किंवा ‘एलएफपी’ म्हणतात. तिचे चार सेल असतात, पूर्ण भरली की १४.६ व्होल्ट. फॉस्फेटची बॅटरी थोडी जड, पण उन्हाला अधिक सोशीक आणि पेट घेण्याचा धोका तिला कमी. आपल्या रानातल्या कामाला तीच बरी.

दुकानदार सांगतो, फॉस्फेट दोन हजार वेळा चार्ज होते. होत असेल. पण वर्षाला पंचवीस वेळा वापरणाऱ्याला त्या दोन हजारांचे काय? लिथियम घ्यायची ती हलके वजन, सारखा दाब आणि पडून टिकण्याचा गुण यांसाठी.

४) ताजवा खोटे बोलत नाही

लेबलावर काहीही छापता येते, वजन मात्र छापता येत नाही. ८ एएचची चांगली शिशाची बॅटरी सव्वादोन ते अडीच किलो भरते. दोन किलोच्या आत भरली तर शिसे कमी घातले आहे, असे समजा. लिथियम-आयनचा बोटाएवढा एक सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. २ एएचच्या सेलमधून १२ एएचची बॅटरी बांधायची तर १८ सेल लागतात, म्हणजे नुसत्या सेलचेच ८०० ग्रॅमच्या वर वजन झाले पाहिजे. अधिक साठ्याचे सेल वापरले तर संख्या कमी होते, पण ‘१२ एएच’ म्हणून ३०० ग्रॅमचा डबा हातात आला तर सरळ परत द्या. फॉस्फेटची १२ एएच बॅटरी एक किलोच्या वरच भरते. बनावटीचा महिनाही पाहा. वर्षभर दुकानात पडलेली शिशाची बॅटरी नवी म्हणून घेऊ नका.

५) चार्जर बॅटरीचा, घराचा नव्हे

सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. शिशाची बॅटरी काढून लिथियमची बसवली आणि चार्जर जुनाच ठेवला! शिशाचा चार्जर सव्वाचौदा-साडेचौदा व्होल्टपर्यंत चढतो. १२.६ व्होल्टच्या लिथियमला तो लावला तर आतल्या संरक्षक पट्टीवर सगळी भिस्त. ती पट्टी हलकी निघाली तर बॅटरी फुगते, पेटूही शकते. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे नाही. बॅटरी बदलली की चार्जर बदला, आणि दोन्हींवर एकच खूण करा.

चार्जिंग लावायची ती मोकळ्या हवेत, फरशीवर. पाचटाजवळ, अंथरुणावर किंवा माणसे झोपलेल्या खोलीत नको. फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा वापरू नका. भर उन्हातून आणलेली बॅटरी गार झाल्यावर लावा. पंप धुताना बॅटरीच्या कप्प्यात पाणी जाऊ देऊ नका.

६) कोणी कोणती घ्यावी

एकर-दीड एकरवाल्याने आणि महिन्याला आठवणीने चार्ज करणाऱ्याने शिशाची घेतली तरी काम भागते. दिवसात दोन-तीन एकर मारायचे असतील, किंवा जो रोजाने दुसऱ्याची फवारणी करतो, त्याने १२ एएचची फॉस्फेट बॅटरी तिच्याच चार्जरसह घ्यावी. शिशाची घेऊन दीड एकराच्या पुढे जायचे असेल तर दोन बॅटऱ्या ठेवाव्यात आणि फवारा ढिला पडताच बदलाव्यात.

जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, गळाला शिसे हवे म्हणून फोडूही नका. शिसे विषारी आहे, लहान मुलांना तर फारच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराकडे द्या. शिशाच्या बॅटरीचे मोडीचे पैसेही मिळतात.

थोडक्यात, टाक्या मोजा, वजन करा, चार्जर जुळवा. लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसात याल तेव्हा आपल्या पंपाच्या टाक्यांचा आकडा शेतकी मदतनीसाला जरूर सांगा. कोणाची बॅटरी किती चालते याची गटात नोंद राहिली, तर पुढच्या हंगामात नवी घेणाऱ्या सभासदाला लेबलापेक्षा तीच अधिक उपयोगी पडेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी