वर्गातली निवडणूक : हात वर करायचा की चिठ्ठी टाकायची?



दरवर्षी जुलैमध्ये आमच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळ निवडलं जातं. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, परसबाग मंत्री. तुमच्याकडेही असेलच. बरीच वर्षं मी हे काम पाच मिनिटांत उरकत होते. नाव पुकारायचं, "हात वर करा" म्हणायचं, हात मोजायचे, टाळ्या, फोटो. संपलं.

एका वर्षी हात मोजताना चौथीतल्या एका मुलीकडे लक्ष गेलं. तिची जिवलग मैत्रीण उमेदवार होती. मैत्रिणीचं नाव पुकारलं तसा तिचा हात अर्धा वर गेला, तिनं मागे वळून पाहिलं आणि हात खाली घेतला. पुढचं नाव मागे बसलेल्या एका मुलाचं होतं. त्याच्या वेळी मात्र तिचाच हात सगळ्यांच्या आधी वर. मधल्या सुट्टीत मी सहज विचारलं. आधी काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "बाई, त्यांच्या ट्रॅक्टरवर माझे पप्पा आहेत ना."

त्या मुलानं तिला दमदाटी केली नव्हती, की साधं "मला मत दे" असंही म्हटलं नव्हतं. नऊ वर्षांच्या पोरीला आपोआप कळलं होतं की कोणासमोर हात वर करायचा. आणि ही सोय मीच करून दिली होती, "हात वर करा" म्हणून.

तेव्हापासून लहान मुलांना निवडणूक शिकवताना माझा क्रम बदलला. मतदार, उमेदवार, बहुमत या व्याख्या मागाहून येतात. आधी येतं ते गुप्त मतदान. लोकसभा-विधानसभा, स्थानिक शासन हे सगळं पुढे नागरिकशास्त्रात येणारच आहे. पण आपलं मत आपलं असतं आणि ते कोणाला दाखवावं लागत नाही, हे तिसरी-चौथीतच अंगवळणी पडायला हवं.

आधी खेळाचं मतदान

थेट मंत्रिमंडळाकडे जाऊ नका. माणूस निवडायचा म्हटलं की रुसवेफुगवे आले. मी आधी शनिवारच्या खेळाचं मतदान घेते. खो-खो, लगोरी की लंगडी?

पहिल्या फेरीत हात वर करायचे. आकडे फळ्याच्या एका बाजूला लिहायचे आणि पुसायचे नाहीत. मग लगेच त्याच प्रश्नावर चिठ्ठ्या. आमच्या वर्गात हात वर करून खो-खोला एकोणीस, लगोरीला चार आणि लंगडीला तीन मतं पडली. चिठ्ठ्या उघडल्या तर खो-खो अकरा, लगोरी नऊ, लंगडी सहा. मुलं तीच सव्वीस आणि वेळ जेमतेम दहा मिनिटांनंतरची.

वर्गात गलका झाला. एक जण म्हणाला, "बाई, कोणीतरी खोटं बोललं!"

मी विचारलं, "पहिल्यांदा की दुसऱ्यांदा?"

यावर जी चर्चा झाली ती मला कुठल्याही पाठातून करता आली नसती. एक मुलगा म्हणाला, सगळ्यांनी खो-खोला हात केला म्हणून मीपण केला. एक मुलगी म्हणाली, लंगडीला हात केला की मुलं हसतात. शेवटी एकीनं सांगितलं, "दुसऱ्यांदा खरं बोललो, कारण कोण बघत नव्हतं." मी फळ्यावर एवढंच वाक्य लिहिलं आणि त्या दिवशीचा पाठ थांबवला.

प्रत्येक वर्गात आकड्यांत एवढा फरक पडेलच असं नाही. कधी अजिबात पडत नाही. मग "फरक का पडला नाही?" यावर बोला, तेही तितकंच रंगतं.

अक्षर ओळखू येतं!

चिठ्ठ्यांच्या पहिल्याच वर्षी माझी एक चूक झाली. मी मुलांना चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव लिहायला सांगितलं. मोजणी करणारी मुलगी पहिली चिठ्ठी उघडून म्हणते, "हे तर अमक्याचं अक्षर!" झालं, गुप्तता तिथंच संपली. शिवाय दोघांना नाव नीट लिहिता आलं नव्हतं, त्यांची मतं बाद करायची की काय, हा प्रश्न होताच.

हाच प्रश्न आपल्या देशापुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत फार मोठ्या प्रमाणावर होता. मतदार सुमारे सतरा कोटी आणि त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात त्यावर मार्ग निघाला तो चिन्हांचा. प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदारानं आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायची, काही लिहायचं नाही. पुढे १९६२ च्या निवडणुकीत एकाच मतपत्रिकेवर सगळी नावं आणि चिन्हं आली, हव्या त्या चिन्हावर शिक्का मारायचा. बोटाला न पुसणारी शाई लावायला सुरुवात मात्र पहिल्याच निवडणुकीत झाली होती. मुलांना हे गोष्टीसारखं सांगा, फार आवडतं.

म्हणून आता आमच्या मतपत्रिकेवर चिंच, भोवरा, खोडरबर अशी चिन्हं असतात. (खऱ्या पक्षाचं एकही चिन्ह नको, नाहीतर संध्याकाळी पालक दारात.) शिक्का म्हणून भेंडीचा ठसा. चित्रकलेत करतो तोच. ठसा थोडा वाळू द्या आणि मगच घडी घालायला सांगा, नाहीतर दोन चिन्हांवर उमटतो आणि मोजणीला भांडणं होतात.

मतदार यादी मुलांकडूनच करून घ्या. आपल्यातले कितीतरी जण बीएलओचं काम करतात, त्यामुळे यादीत नाव नसलं की माणूस कसा रडकुंडीला येतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आमच्या यादीत नव्यानं दाखल झालेल्या मुलाचं नाव राहिलं. यादी आदल्या दिवशी भिंतीवर लावली होती म्हणून ते त्याच्या लक्षात आलं आणि नाव घालता आलं. तेव्हा मी मुलींना पहिल्या निवडणुकीतली आणखी एक गोष्ट सांगितली. यादी करताना अनेक बायकांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं होतं. अशा सुमारे २८ लाख बायकांना यादीतून वगळावं लागलं. त्या दिवशी घरी जाऊन आजीचं पूर्ण नाव विचारून यायचं, हाच अभ्यास दिला. तिघांना आजीचं नाव माहीतच नव्हतं.

मतदानाचा दिवस

निवडणूक ड्युटी आपण सगळ्यांनी केलेली आहे, तेव्हा फार सांगत नाही. मुलांनाच केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी करा. पहिला यादीत नाव शोधून मोठ्यानं वाचतो, दुसरा डाव्या तर्जनीला स्केचपेननं खूण करून सही घेतो, तिसरा मतपत्रिका देतो. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींना रिकामी पेटी उलटी करून दाखवा. खऱ्या केंद्रावर आपण सकाळी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचं अभिरूप मतदान घेतो, ते कशासाठी, हे मुलांना या रिकाम्या पेटीवरून लगेच कळतं.

आडोसा मात्र खरा हवा. कपाटाचं दार उघडून आत जागा केली तरी चालेल. आणि आपण तिथून लांब उभं राहायचं. मोबाइलवरच्या ईव्हीएम ॲपवर मतदान घेणारे अनेक शिक्षक आहेत, मुलांना तो 'बीप' भारी आवडतो. माझी हरकत एवढीच की फोन बाईंचा असतो. मुलाच्या मनात येतंच, "बाईंना कळणार." आधी एकदा कागदावर घ्या, पेटी सगळ्यांसमोर फोडा, मुलांना गठ्ठे लावू द्या. पुढच्या वर्षी ॲप.

'नोटा' खेळाच्या मतदानात जरूर ठेवा. खऱ्या मतदानात तो पर्याय २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला. मंत्रिमंडळाच्या मतपत्रिकेवर मात्र मी ठेवत नाही. नऊ वर्षांच्या उमेदवाराला "तुझ्यापेक्षा कोणीच नको" हे ऐकायला लावणं मला पटत नाही. कोणी म्हणेल हा नियमभंग आहे. असू दे.

त्याहून अवघड प्रश्न एका मताचा. एका वर्षी एका मुलाला एकच मत पडलं आणि ते कोणाचं हे सगळ्या वर्गानं ओळखलं. मतदार थोडे असले की आकडाच बोलायला लागतो. खऱ्या निवडणुकीतही हे आहे. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद होती, म्हणजे कुठल्या वस्तीनं कोणाला मतं दिली ते कळत नसे. यंत्रं आल्यावर केंद्रवार आकडे दिसू लागले आणि निकालानंतर कोणती वाडी फिरली याच्या गप्पा पारावर रंगू लागल्या. वर्गात मी आता मोजणी प्रतिनिधींसमोर करते, त्यांची सही घेते आणि सगळ्यांसमोर फक्त निवडून आलेल्याचं नाव वाचते. हा पारदर्शकतेला थोडा धक्काच आहे. यावर कोणाला चांगला उपाय सुचला असेल तर मला खरंच हवा आहे.

पालकांसाठी थोडं

मूल घरी आलं की आपला पहिला प्रश्न असतो, "कोणाला मत दिलंस रे?" कृपया विचारू नका. "मत दिलंस का? कसं दिलंस?" हे विचारा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९४ नुसार कोर्टातल्या साक्षीदारालासुद्धा त्यानं मत कोणाला दिलं हे सांगायची सक्ती करता येत नाही. कलम १२८ नुसार ही गुप्तता राखणं आपल्यासारख्या मतदान कर्मचाऱ्यांवर बंधनकारक आहे, ती मोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एवढं संरक्षण मोठ्यांना आहे, तर चौथीतल्या मुलाला स्वयंपाकघरातल्या उलटतपासणीतून सूट मिळायला हरकत नाही. आणि आपल्या मतदानाच्या दिवशी मुलांसमोर "आपल्या घरातली चार मतं अमक्याला" असं बोलणंही टाळता आलं तर बघा. घरात मतं चार असली तरी माणसंही चार असतात.

ज्या वर्षी पहिल्यांदा चिठ्ठ्या घेतल्या, त्या वर्षी तो ट्रॅक्टरवाल्यांचा मुलगाच निवडून आला, चार मतांनी. मुलगा चांगला होता, वर्षभर परिपाठाची तयारी त्यानं नेटानं करून घेतली. निकालानंतर दोन दिवसांनी त्या मुलीचे वडील तिला सोडायला शाळेत आले. जाता जाता थांबले आणि हसत म्हणाले, "मॅडम, पोरगी काय सांगंना बघा कुणाला मत दिलं ते. तुम्हाला तरी सांगितलं का?"

मी म्हटलं, "नाही हो, मलाही नाही सांगितलं."