तान्ह्या बाळाचे घड्याळ

गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत अकरावीच्या वर्गाचे साध्या लंबकाचे प्रात्यक्षिक चालू होते. एक मुलगी आंदोलने मोजता मोजता टेबलावर डोके टेकून चक्क झोपी गेली. मी तिला उठवले आणि सर्वांसमोर चार शब्द सुनावले. तास संपल्यावर तिच्या मैत्रिणीने मला खरी हकीगत सांगितली. त्या मुलीची ताई बाळंतपणासाठी माहेरी आलेली. घर दोन खोल्यांचे. बाळ सात आठवड्यांचे, रात्रभर जागणारे. ताईला थोडी तरी झोप मिळावी म्हणून रात्री एक ते चार ही मुलगी झोळीला झोके देत बसे. मी तिला बोलावून घेतले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "सर, दिवसा लंबक आणि रात्रीही लंबकच!"

मला माझ्या शब्दांची लाज वाटली. पण तिने पुढे जे विचारले त्याने मी अधिकच अडचणीत आलो. "आजी म्हणते बाळाला दृष्ट लागली, शेजारच्या काकू म्हणतात दूध पुरत नाही. सर, बाळ रात्री का जागते, याला काही नियम असतो का?" एक मूल वाढवलेला बाप असूनही मला उत्तर देता आले नाही. मग मी वाचले, डॉक्टर मित्रांना विचारले, आणि जे समजले ते येथे तुम्हांला सांगत आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी असे एखादे भाचरू किंवा धाकटे भावंड असेलच.

प्रथम हे ध्यानात घ्या की नवजात बाळ कमी झोपत नाही. ते दिवसाच्या चोवीस तासांपैकी १४ ते १७ तास झोपते. अडचण आहे ती त्या झोपेच्या वाटणीची. पोट लहान, दूध लवकर पचणारे, म्हणून दर दोन ते चार तासांनी भूक लागते आणि जाग येते. पण भूक हे अर्धेच कारण झाले. भूक दुपारीही लागते आणि मध्यरात्रीही लागते. मोठ्या माणसाचे शरीर मध्यरात्रीच्या भुकेकडे दुर्लक्ष करते, बाळाचे शरीर करीत नाही. का?

येथे घड्याळाचा विषय येतो. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात सुमारे वीस हजार पेशींचे दोन छोटे पुंजके आहेत. हे आपले मुख्य घड्याळ. त्यातील प्रत्येक पेशी स्वतःच एक आंदोलक असते. तिच्यातील काही जनुके विशिष्ट प्रथिने तयार करतात, प्रथिने पुरेशी साठली की तीच त्या जनुकांचे काम थांबवतात, प्रथिने नाहीशी झाली की काम पुन्हा सुरू होते. ही एक फेरी पुरी व्हायला सुमारे चोवीस तास लागतात. फळमाशीवर काम करून ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र 'सुमारे' हा शब्द महत्त्वाचा आहे. बाहेरचा उजेड कळू न देता प्रौढ माणसांचे घड्याळ मोजले तर त्याचा आवर्तकाल सरासरीने २४ तास आणि ११ मिनिटांच्या आसपास भरतो. म्हणजे हे घड्याळ रोज थोडे मागे पडते, आणि रोज सकाळचा उजेड ते पुन्हा जुळवून देतो. १६६५ साली ह्युजेन्सला आढळले होते की एकाच आधाराला टांगलेली लंबकाची दोन घड्याळे काही वेळाने आपोआप एका तालात चालू लागतात. दुर्बळशा धक्क्यानेही एक आंदोलक दुसऱ्याच्या तालात येऊ शकतो, अट एवढीच की दोघांचे आवर्तकाल एकमेकांच्या जवळ असावेत आणि धक्का नियमित मिळावा. आपल्याला असा नियमित धक्का सूर्य देतो.

बाळाच्या बाबतीत ही जुळणीच अजून झालेली नसते. पेशी असतात, पण त्यांचा मेळ आणि शरीराच्या इतर भागांशी असलेले त्यांचे दळणवळण हळूहळू पक्के होते. अंधार पडल्यावर 'आता रात्र झाली' हा निरोप शरीरभर नेणारे मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक असते. बाळाचे शरीर ते दिवसरात्रीच्या तालावर दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास तयार करू लागते. तोवर त्याला रात्रीचे मेलॅटोनिन मिळते ते आईच्या रात्रीच्या दुधातून. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ नेथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली तान्ह्या मुलांच्या झोपेच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतील एका बाळाचा आलेख फार प्रसिद्ध आहे. प्रत्येक दिवसाची एक आडवी ओळ, झोप म्हणजे काळी रेघ, जाग म्हणजे कोरी जागा, आणि अशा ओळी एकाखाली एक. सुरुवातीला नुसते ठिपके सांडल्यासारखे दिसतात. मग काही आठवडे काळे पट्टे जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे रोज थोडे उजवीकडे सरकत जातात, आणि चौथ्या महिन्याच्या आसपास ते सरळ उभे राहतात. सरकणाऱ्या पट्ट्यांचा अर्थ काय? समजा, बाळाचे घड्याळ २५ तासांचे आहे. मग त्याची 'रात्र' रोज एक तास उशिरा सुरू होईल आणि २४ दिवसांत घड्याळाभोवती एक फेरी पुरी करील. त्यातले काही दिवस त्याची रात्र तुमच्या रात्रीशी जुळेल, आणि काही दिवस बरोबर दुपारी येईल. आजी ज्याला 'दिवसरात्र उलटे झाले' म्हणतात ते हेच असू शकते. सर्वच बाळे असा जिना चढत नाहीत, हेही सांगायला हवे.

मग या घड्याळाला लवकर ताल कसा लावावा? उजेडातील फरक वाढवून. भर दुपारच्या उन्हात प्रकाशतीव्रता सुमारे एक लाख लक्स असते, ढगाळ दिवशीही उघड्यावर दहा हजारांच्या घरात असते. ट्यूबलाइटच्या खोलीत ती दोनतीनशेच भरते. आता आपल्याकडची बाळंतिणीची खोली आठवा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कारण वारा लागू नये. आणि रात्री दुपटे बदलायला तीनतीनदा ट्यूब लागते. म्हणजे बाळाच्या डोळ्यांना दिवसही दोनशे लक्सचा आणि रात्रही दोनशे लक्सची. घड्याळाने कशावरून ओळखावे? सकाळी खिडकी उघडा, बाळाला ओसरीवर किंवा गॅलरीत सावलीच्या उजेडात घ्या, दिवसा घरातले बोलणे-भांडी मुद्दाम थांबवू नका. रात्री मात्र दुरून येणारा मंद दिवा पुरे, आणि मोबाइल बाळाच्या तोंडासमोर नको. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर कोलोरॅडो विद्यापीठात केलेला एक छोटा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी तासभर एक हजार लक्सचा उजेड दिल्यावर मुलांच्या मेलॅटोनिनमध्ये सुमारे ८८ टक्के घट झाली! लहान मुलांचे डोळे या बाबतीत आपल्यापेक्षा फार हळवे असतात.

घड्याळ लागले तरी जाग संपत नाही. झोप ही एकसंध नसून तिची आवर्तने असतात. प्रौढाचे एक आवर्तन साधारण दीड तासाचे, तान्ह्याचे ५० ते ६० मिनिटांचे. बाळाची निम्मी झोप पापण्यांखाली बुबुळे हलत राहणाऱ्या चंचल अवस्थेत जाते. तीत बाळ कण्हते, हसते, हातपाय झाडते. आपण घाईने उचलतो आणि झोपलेल्या बाळाला जागे करतो. हा अनुभव माझा स्वतःचा आहे. अर्धा मिनिट थांबून पाहिले असते तर माझ्या घरातल्या कित्येक रात्री वाचल्या असत्या.

प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आपणही किंचित जागे होतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. लोडशेडिंग होऊन पंखा थांबला तर मात्र पुरते जागे होतो, कारण झोपताना जे होते ते आता नाही. सहासात महिन्यांपुढच्या मुलाचे असेच होते. झोळीच्या झोक्यात झोपी गेलेले मूल तासाभराने किंचित जागे होते, झोका थांबलेला पाहून रडते. म्हणून त्या वयात ते पेंगुळलेले पण जागे असतानाच अंथरुणावर ठेवण्याची सवय हळूहळू लावतात. आठनऊ महिन्यांचे मूल आई दिसेनाशी झाली तरी रडू लागते. त्याला आई ही वेगळी व्यक्ती आहे हे कळू लागल्याची ती खूण आहे. तिला हट्ट समजू नये. दोनतीन वर्षांची काही मुले रात्रीच्या पहिल्या प्रहरात किंचाळून उठतात, डोळे उघडे असतात पण ओळख नसते. ती गाढ झोपेतून अर्धवट वर आलेली असतात. त्यांना हलवून जागे न करता जवळ बसावे. सकाळी त्यांना काहीच आठवत नाही.

आता झोळीकडे वळू, कारण तो आपला विषय. झोक्याने झोप का येते? आतील कानात तोल सांभाळणारे इंद्रिय असते, त्याला मंद, नियमित हालचालीचा संदेश मिळत राहतो. जिनेव्हा विद्यापीठात २०११ साली प्रौढांना हलत्या पलंगावर दुपारी झोपवून पाहिले. दर चार सेकंदांना एक आंदोलन या गतीला त्यांना लवकर झोप लागली. चार सेकंदांच्या आवर्तकालासाठी लंबकाची लांबी किती लागेल? सूत्रात आकडे घाला, जवळजवळ चार मीटर येईल. तुळईला बांधलेली दोन मीटरची झोळी २.८ सेकंदांत एक आंदोलन करते, आणि ८० सेंटिमीटरचा पाळणा १.८ सेकंदांत. झोळी पाळण्यापेक्षा संथ का वाटते ते आता कळेल. मात्र झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वास अडू शकतो. म्हणून जागरूक माणूस जवळ हवे, आणि बाळ झोपले की त्याला सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर निजवावे. पहिल्या वर्षात उशी नको, मोहरीचीही नको.

उचलून ठेवतानाच ते जागे होते ना? जपानमधील संशोधकांनी २०२२ साली यावर काम प्रसिद्ध केले. रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन पाच मिनिटे न थांबता चालावे. झोपल्यावर लगेच न ठेवता पाच ते आठ मिनिटे घेऊन बसावे आणि मगच ठेवावे. त्यांना असे दिसले की बाळाला जाग येते ती मुख्यतः आईच्या अंगापासून ते वेगळे होऊ लागते त्या क्षणी.

ओल्या दुपट्याचेही गणित पाहा. एक ग्रॅम पाणी त्वचेवरून उडून जाण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. दहा ग्रॅम उडाले तर ५,८०० कॅलरी. चार किलोच्या बाळाचे तापमान एक अंशाने उतरण्यास सुमारे ३,३०० कॅलरी जाव्या लागतात. सगळी उष्णता बाळाच्याच अंगातून जात नाही आणि बाळ सतत नवी तयारही करते, तरीही ते का किंचाळते हे समजते. शिवाय दर किलो वजनामागे त्याची त्वचा आपल्या सुमारे अडीचपट असते. पण म्हणून मे महिन्यात कानटोपी आणि तीन दुपटी नकोत. अति उष्णता थंडीपेक्षा कमी धोक्याची नाही. छातीला हात लावून पाहावे.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगतो. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या पुष्कळ बायका तान्ह्यांना अफूची 'बाळगोळी' देऊन कामावर जात. हिंदुस्थानातील मजुरांविषयीच्या शाही आयोगाच्या १९३१ सालच्या अहवालात तिची नोंद आहे. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज खोकल्याचे गुंगी आणणारे औषध 'थोडेसे' पाजणारे आहेत, त्यांना तसे म्हणता येणार नाही. दुसरी गोष्ट : रडणे थांबत नाही म्हणून बाळाला कधीही गदागदा हलवू नये. त्याचे डोके शरीराच्या एकचतुर्थांश लांबीचे, आणि मान दुबळी. धड पुढे जाते, डोके जडत्वामुळे मागे राहते, कवटी थांबते तेव्हा मेंदू पुढे जातो, आणि मधल्या शिरा तुटतात. डोके भडकलेच तर बाळाला अंथरुणावर पाठीवर ठेवून पाच मिनिटे खोलीबाहेर जावे, दुसऱ्याला हाक मारावी. थकलेल्या ताईला ही हाक मारता यावी म्हणून घरात कोणीतरी झोप झालेले माणूस हवे. ताप, दूध न ओढणे, श्वासाला त्रास किंवा वेगळीच गुंगी दिसली तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

त्या मुलीने क्लाइटमनसारखा आलेख ठेवला. तिच्या घरी रात्रीचे काम तिघांत वाटले गेले, खिडकी उघडली गेली, आजीने थोडी कुरकुर केली. अकराव्या आठवड्यात रात्री अकरा ते तीन अशी एक काळी रेघ प्रथम दिसली, आणि नंतर ती बहुतेक दिवस टिकली. हे उजेडाने झाले की वयाने, हे एका बाळावरून सांगता येत नाही, असे तिनेच खाली लिहिले होते.

वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक प्रयोग होता. बाळाऐवजी चार किलो तांदळाची पोटली झोळीत ठेवून तिने छोटे झोके दिले. वीस आंदोलनांना ५५ सेकंद, तुळईपासून पोटलीच्या तळापर्यंत लांबी १.९६ मीटर. त्यावरून तिने गुरुत्वत्वरण काढले ते १०.२ आले. तिची चूक मी तिला सांगितली नाही, तुम्हांलाही सांगत नाही. पोटलीची उंची १६ सेंटिमीटर होती.