चादरीवरचा मोर

सोलापूरची चादर तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. तिच्यावरची फुले आणि मोर छापलेले नसतात, धाग्यांनीच विणलेले असतात. चादर उलटून पाहा. तीच नक्षी मागेही दिसते. फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते.

सोलापुरात साळी, पद्मशाली आणि मोमीन विणकरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग चालले. नक्षीसाठी त्यांना दूर जावे लागत नसे. वेल, पान, पक्षी डोळ्यांसमोरच होते. पण मोराची मान वळणदार आणि ताणा-बाणा (उर्दूतला ताना-बाना) तर सरळ! म्हणून कारागीर आधी चौकटींच्या कागदावर मोर काढी. तिथे वळणाच्या पायऱ्या होत. नेमक्या कोणत्या चौकटी भरल्या म्हणजे मोर मोरच दिसेल, हे ठरवण्यातच खरी गंमत आणि खरी कसोटी असे. मग त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोके पाडत. भोकांनुसार उभे धागे वर उचलले जात आणि त्यांमधून धोटा धावे. ही युक्ती फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली सिद्ध केली.

आता बहुतेक चादरी यंत्रमागावर विणतात. नक्षी संगणकावरही काढतात. हातमाग थोडेच उरले आहेत.

उपक्रम : गणिताच्या वहीत चौकटी भरून दारातल्या एखाद्या पानाचे चित्र काढा. वळण कुठे अडले, तेथे खूण करा.