पंख्यावरचे तारे

मागल्या आठवड्यात रात्रीच्या वर्गाला एक बाई विजेचे बिल घेऊन आल्या. "गुरुजी, घरात दोन पंखे आन् दोन दिवे. मग एवढं बिल कशापायी?" मी म्हटले, चला, पाटीवर हिशेब मांडू.

१००० वॉटची वस्तू एक तास चालली, की १ युनिट वीज लागते. बाईंचे पंखे जुने, ७५ वॉटचे. एक पंखा रोज १० तास फिरला, तर महिन्याला साडेबावीस युनिट. आता ३० वॉटचाही पंखा मिळतो. त्याला तेवढ्याच वेळात ९ युनिट पुरतात. दोन पंख्यांत महिन्याला २७ युनिटांचा फरक पडला!

दिसायला दोन्ही सारखेच. तीन पाती, एक दांडा. दुकानात उभे राहून कोणता किती वीज खातो, हे कसे कळणार? म्हणून २००६ पासून आपल्या देशात विजेच्या वस्तूंवर ताऱ्यांची चिठ्ठी लागू लागली. तारे १ ते ५. एकाच मापाच्या दोन वस्तू घेतल्या, तर जास्त ताऱ्यांची वस्तू कमी वीज खाते. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यालाही चिठ्ठी सक्तीची झाली. एका ताऱ्यालाही जो लायक नाही, तो पंखा नवा विकता येत नाही. मला हाच नियम जास्त मोलाचा वाटतो. चिठ्ठी वाचता येणाऱ्याचे काम चिठ्ठीने होते. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही हा नियम सांभाळतो.

आता वीजघराकडे पाहा. एका पंख्यामागे ४५ वॉट वाचले, ते किती? चिमूटभर. पण उन्हाळ्यात रात्री सगळ्यांचे पंखे एकदम फिरतात. लाख घरांनी एकेक पंखा बदलला, तर त्या वेळची मागणी ४५०० किलोवॉटने उतरते. रात्री सूर्याची वीज नसते, हेही ध्यानात घ्या.

मात्र हे नियम नव्या मालाला आहेत. मी एकदा जुन्या बाजारातून स्वस्तात फ्रीज आणला. वाचलेले पैसे बिलात गेले, वर मंडळींचे बोलणे खाल्ले! शिवाय ताऱ्यांची मोजपट्टी मधूनमधून कडक होते. तेव्हा चिठ्ठीवरचे सालही वाचा.

घराचेही तसेच. पत्रा तापला, की पंखा गरम वाराच फिरवतो. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला, तर ताप कमी होतो.

बाई म्हणाल्या, "पण गुरुजी, तो पंखा महाग हाय." खरे आहे. मी सांगितले, दोन्ही एकदम बदलू नका. जो रात्रभर फिरतो, तो आधी बदला.