कलोक्वियम आणि त्याचा श्रोता



संशोधनसंस्थेकडून ‘कलोक्वियम’ देण्याचे निमंत्रण आले असता त्याला ‘सेमिनार’चेच भारदस्त नाव समजण्याची चूक नव्या संशोधकाकडून सहज होते, आणि तिचा फटका व्याख्यानाच्या तयारीला बसतो. कलोक्वियम या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘एकत्र बोलणे’ असा आहे. सेमिनार ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ रोपवाटिका असा असून, जर्मन विद्यापीठांत प्राध्यापकाच्या देखरेखीखाली संशोधनाची रीत शिकणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांच्या वर्गाला ते नाव पडले. मराठीत दोहोंना अनेकदा ‘चर्चासत्र’च म्हटले जाते, त्यामुळे हा भेद झाकला जातो.

विज्ञानशाखांच्या आजच्या वापरात सेमिनार एकाच उपशाखेतील जाणकारांपुढे होतो, तेथे आकडेमोडीची एकेक पायरी तपासली जाते आणि वक्त्याला मध्येच थांबवणे गैर मानले जात नाही. कलोक्वियम मात्र सबंध विभागासाठी, क्वचित सबंध संस्थेसाठी असते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील बुधवारचे कलोक्वियम याच दुसऱ्या प्रकारचे असून, तेथे गणिती, भौतिकशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ एकाच सभागृहात बसतात.

अशा श्रोत्यांपुढे सेमिनारची टिपणे जशीच्या तशी वाचणे हा त्यांच्या वेळेचा अनादर होय. साधारण तासाभराच्या अवधीतील पहिला एक-तृतीयांश हिस्सा तरी मूळ प्रश्न कोठून उद्भवला आणि तो अद्याप का सुटलेला नाही, हे सांगण्यात खर्च करावा. आलेख दाखवताना आडव्या अक्षावर काय मोजले आहे, उभ्या अक्षावर काय, एकके कोणती आणि नजर कोणत्या बिंदूवर ठेवायची, हे निष्कर्षाआधी सांगावे, कारण वक्त्याच्या डोळ्यांना सरावलेली ती रेषा श्रोता प्रथमच पाहत असतो. समीकरण एकच दाखवावे, पण त्यातील प्रत्येक चिन्हाचा अर्थ उलगडावा. स्वतःच्या कामाचा तपशील शेवटी, तोही थोडाच यावा. उरलेला गाळताना जीव तुटतो हे खरे, तरीही तो गाळावाच.

प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटे हातची राखावीत, आणि परक्या शाखेतील कोणी अगदी प्राथमिक शंका विचारली तर तिला सर्वांत सविस्तर उत्तर द्यावे, कारण तीच शंका सभागृहातील इतर अनेकांच्याही मनात असते.